पूर ओसरल्यावरचे जनित्र

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून झालेल्या प्रचंड विसर्गाने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. अशा प्रसंगी वीजपुरवठा खंडित होतोच; पण त्याच अडचणीसाठी बसविलेले तीन फेजचे राखीव जनित्र तळघरात असेल, तर तेही सर्वांआधी बुडते. पाणी ओसरताच ते सुरू करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे; मात्र घात होतो तो तेथेच.

जनित्र म्हणजे इंजिन व अल्टरनेटर अशा दोन यंत्रांची जोडी होय. इंजिन सुरळीत चालले म्हणून अल्टरनेटर निर्दोष ठरत नाही. वेटोळ्यांच्या आवरणात मुरलेला ओलावा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रथम बॅटरी व भार तोडून ५०० व्होल्टच्या मेगरने वेटोळी व सांगाडा यांमधील रोध मोजावा. तत्पूर्वी व्होल्टेज रेग्युलेटरच्या तारा सोडविणे अगत्याचे असते. एरवी मेगरच्या दाबाने तोच बिघडतो. रोध एक मेगओहमहून कमी भरल्यास वेटोळी ऊन हवेने सुकविल्यावाचून यंत्र फिरवू नये.

पुढची पायरी भार न जोडता दाब मोजण्याची. कोणत्याही दोन फेजांमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट मिळावयास हवेत. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटास १५०० फेरे घेते, तेव्हाच ५० सायकली मिळतात; त्या कमी असल्यास दोष इंजिनाच्या वेगात शोधावा. वेग योग्य असूनही तिन्ही फेजांत दाब नाममात्रच असेल, तर रेग्युलेटर, फिरते डायोड किंवा लोखंडातील नाहीसे झालेले शेष चुंबकत्व यांकडे पाहावे. एकाच फेजचा दाब उतरला असेल, तर त्या फेजचे वेटोळे वा सैल जोड संशयास्पद ठरतो. न्यूट्रलची तार तुटली, तर काही दिवे मंदावतात आणि काही प्रखर होऊन जळतात. दुरुस्तीत दोन फेजांची अदलाबदल झाली, तर मोटारी उलट फिरतात.

अखेरीस चेंजओव्हर स्विच तपासावा. तो सदोष असल्यास जनित्राची वीज बाहेरच्या तारांत शिरते, रोहित्रातून उलट जाऊन तिचा दाब हजारो व्होल्ट होतो, आणि तार निर्जीव समजून खांबावर चढलेल्या कामगाराचा प्राण जातो. कारखान्यात आणखी एक रात्र अंधार राहिला तरी चालेल. ही तपासणी मात्र राहता कामा नये.