डिस्कचा ड्रायव्हर दुरुस्त झाला म्हणता? ताळा केला का?

वर्गात मुलानं गणित सोडवलं की मी विचारतो, "ताळा केला का?" उत्तर बरोबर दिसतंय एवढ्यावर मी मार्क देत नाही. संगणकाच्या दुरुस्तीचंही तसंच आहे.

संगणक आणि डिस्क यांच्यामध्ये कंट्रोलर असतो. त्याला हुकूम देणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. त्यात चूक असेल तर मशीन अडकतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे गुपचूप फाईली बिघडतात. दुरुस्ती लिहिणाऱ्याकडे प्रत्येक कंट्रोलर कार्ड नसतं. म्हणून ज्याच्याकडे ते कार्ड आहे, त्याची चाचणी मोलाची.

२०१८ चं उदाहरण घ्या. ऑक्टोबरमध्ये कर्नल ४.१९ आलं आणि काहींच्या फाईली खराब होऊ लागल्या. संशय ईएक्सटी४ या फाईल सिस्टीमवर गेला, पण तिच्या विकसकांच्या चाचण्यांत दोष दिसेना. खरी चूक निघाली ड्रायव्हरच्या वरच्या थरात, जिथे डिस्कच्या कामांची रांग लागते. डिस्कला शेड्युलर लावलेला नसेल तेव्हाच ती उघडी पडायची. वापरकर्त्यांनी चिकाटीनं चाचण्या केल्या म्हणून ती सापडली. डिसेंबरात दुरुस्ती आली.

मग चाचणी कशी करायची?

आधी बॅकअप, तोही दुसऱ्या मशीनवर. मुलांचे निकाल असोत की घरचे कागद, ती अमानत आहे. शक्यतो रिकामी डिस्कच वापरा.

मग जुन्या कर्नलवर दोष मुद्दाम घडवून आणा. ही पायरी लोक गाळतात. आजार दिसलाच नाही, तर औषध लागू पडलं हे कशावरून?

आता दुरुस्त कर्नल टाका. मशीन, डिस्क, सेटिंग, काम सगळं तेच ठेवा. मोठ्या फाईली कॉपी करा आणि मूळ फाईल व कॉपी यांचे चेकसम जुळवून बघा. एक खाच लक्षात ठेवा: नुकतीच लिहिलेली फाईल लिनक्स बहुधा मेमरीतूनच वाचून दाखवतं. म्हणून मशीन रीस्टार्ट करून मगच चेकसम काढा. कर्नलच्या संदेशांत डिस्कच्या एरर आल्यात का, तेही पाहा.

जुन्यावर दोष दहा मिनिटांत येत असेल, तर नव्यावर दहा मिनिटं पुरत नाहीत. रात्रभर चालू द्या.

शेवटी कळवा: कोणतं कार्ड, कोणतं कर्नल, काय केलं, किती वेळ. दोष पुन्हा आला तर तेही स्पष्ट लिहा. चाचणी यशस्वी झाली तर तुमच्या संमतीनं पॅचखाली 'टेस्टेड-बाय' अशी ओळ तुमच्या नावानं लागू शकते. "चालतंय बहुतेक" एवढ्यावर मात्र नाव देऊ नका. त्या ओळीवर भरवसा ठेवून कुणीतरी आपली डिस्क त्या कर्नलच्या हवाली करणार असतो.