कर्जापोटी मूल कामाला ठेवणे गुन्हाच : बालमजुरी कायदा मालकांना आणि किशोरांना काय सांगतो

तंजावर : ‘गाजा’ चक्रीवादळ १६ नोव्हेंबर २०१८ रोजी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर धडकले आणि तंजावर जिल्ह्यातील पट्टुकोट्टई, पेरावुरणी, ओरत्तनाडू या भागांतील नारळाच्या बागा भुईसपाट झाल्या. नव्याने लावलेल्या नारळाला फळ धरायला काही वर्षे जातात. त्यामुळे बागायतदाराचे उत्पन्न आणि बागेत राबणाऱ्या मजुराची रोजंदारी एकाच वेळी बुडाली. त्यानंतर काही आठवड्यांतच, वादळग्रस्त पट्ट्यातील एका मजूर कुटुंबाने ३६ हजार रुपयांच्या बदल्यात आपला शाळकरी वयाचा मुलगा एका जमीनमालकाकडे कामाला ठेवल्याचे प्रकरण उघडकीस आले. पुढे त्या मुलाची सुटका झाली.

अशा व्यवहारात आपण गुन्हा करीत आहोत, असे बहुधा दोन्ही बाजूंना वाटत नाही. पालकांच्या लेखी ती उचल असते आणि मालकाच्या लेखी अडल्या कुटुंबाला केलेली मदत. कायद्याच्या लेखी मात्र ती बालमजुरी आहे आणि वेठबिगारीही. हा फरक मालकांना, पालकांना आणि खुद्द मुलांना ठाऊक असणे हे बालमजुरीविरोधी कायद्याच्या अंमलबजावणीचे पहिले पाऊल ठरते.

कळपामागे हरवणारी शाळा

कावेरीच्या खोऱ्यात भाताची कापणी झाली की रामनाथपुरम, शिवगंगा या कोरडवाहू जिल्ह्यांतील मेंढपाळ आपले कळप घेऊन येतात. खतासाठी रात्री शेतात मेंढ्या बसवण्याची ही रीत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही परिचित आहे. शेतकरी आणि मेंढपाळ या दोघांच्याही फायद्याच्या या जुन्या व्यवस्थेत अडचण निर्माण होते ती कळप राखण्यासाठी लहान मुले ठेवली जातात तेव्हा. पालकांना ठोक रक्कम आधीच मिळालेली असते. मुलाच्या हाती मजुरी पडत नाही, रात्र उघड्यावर काढावी लागते आणि मुक्काम सतत बदलत असल्याने शाळा व तपासणी अधिकारी या दोघांच्याही नजरेतून ते मूल सुटते.

महाराष्ट्रातही असेच घडले आहे. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची मुले थोडी रक्कम आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढपाळांकडे ठेवल्याची प्रकरणे २०२२ मध्ये एका मुलीच्या मृत्यूनंतर उजेडात आली. दोन राज्ये आणि दोन भाषा वेगळ्या असल्या तरी व्यवहाराचे स्वरूप एकच होते.

चौदा आणि अठरा : दोन वयोमर्यादा

बालमजुरीसंबंधीचा मूळ कायदा १९८६ चा. सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्याचे नाव ‘बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम’ असे झाले आणि त्यात दोन स्पष्ट वयोमर्यादा आल्या. चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या बालकाला कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवता येत नाही. ते काम धोक्याचे नव्हते किंवा पालकांची संमती होती, हा बचाव ग्राह्य नाही. चौदा पूर्ण परंतु अठरा अपूर्ण अशा किशोरवयीनांना खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटके आणि धोकादायक प्रक्रिया यांत काम देण्यास मनाई आहे.

‘चौदा पूर्ण झाली म्हणजे कायदा संपला’ हा मालकांमध्ये आणि मुलांमध्येही आढळणारा गैरसमज येथेच दूर होतो. किशोरवयीनाला धोकादायक नसलेल्या कामावर घेता येते, पण कायद्याने आखलेल्या मर्यादेत. सलग तीन तासांपेक्षा अधिक काम नाही आणि त्यानंतर किमान एक तास विश्रांती हवी. विश्रांती आणि कामासाठी ताटकळण्याचा वेळ धरून दिवसाचे सहा तास ओलांडता येत नाहीत. सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम, जादा तास, तसेच एकाच दिवशी दोन ठिकाणी काम या तिन्ही गोष्टींना मनाई आहे. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी बंधनकारक आहे. दुकान, कार्यशाळा, उपाहारगृह यांच्याबरोबर शेतमळाही ‘आस्थापना’ या व्याख्येत मोडतो. हे पाहता, रात्रभर कळप राखणारा पंधरा वर्षांचा मुलगा किंवा रात्री दहापर्यंत चहाच्या दुकानात कपबशा विसळणारी सोळा वर्षांची मुलगी, दोघांच्याही बाबतीत कायद्याचा भंग होतो.

घरचे काम आणि कुटुंबाची व्याख्या

तंजावर जिल्हा हा परंपरागत कारागिरीचाही प्रदेश आहे. स्वामिमलईचे कांस्यमूर्तिकार, तिरुभुवनमचे रेशीम विणकर आणि तंजावरचे वीणा घडवणारे कारागीर यांचे हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या घरातच शिकवले जाते. अशा घरांसाठी कायद्यात सवलत आहे. शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत मूल आपल्या कुटुंबाला मदत करू शकते. मात्र अनुसूचीत धोकादायक म्हणून नोंदलेल्या कामांना ही सवलत लागू होत नाही. २०१७ च्या नियमांनुसार घरच्या मदतीतही विश्रांती वगळून दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही आणि रात्रीच्या कामाला मनाई आहे.

‘कुटुंब’ कोणाला म्हणावे, हेही कायद्याने ठरवून दिले आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा आणि मावशी एवढीच नाती त्यात येतात. ‘लांबचा नातलग आहे’ किंवा ‘गावचाच मुलगा आहे’ असे सांगून दुकानदाराला या सवलतीचा आधार घेता येणार नाही.

मालकाची जबाबदारी

किशोरवयीनाला कामावर घेणाऱ्या मालकाने तीस दिवसांच्या आत निरीक्षकाला लेखी कळवावे लागते. नोंदवहीत त्याचे नाव, जन्मतारीख, कामाचे तास, विश्रांतीची वेळ आणि कामाचे स्वरूप लिहावे लागते. कामाचे तास आणि नोंदी यांबाबतच्या तरतुदी मोडल्यास एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

चौदा वर्षांखालील बालकाला कामावर ठेवणे किंवा किशोरवयीनाला धोकादायक काम देणे हा त्याहून गंभीर आणि दखलपात्र गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० हजार ते ५० हजार रुपये दंड, अथवा दोन्हींची तरतूद आहे. पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक ते तीन वर्षे कैद होते. दंडाची रक्कम पुनर्वसन निधीत जमा होते आणि सुटका झालेल्या प्रत्येक मुलामागे शासन त्यात १५ हजार रुपयांची भर घालते. या तरतुदीमागचे तत्त्व तमिळनाडूतीलच एका खटल्यात मांडले गेले होते. शिवकाशीच्या काडेपेटी व फटाका उद्योगातील मुलांविषयी १० डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोषी मालकाकडून प्रत्येक मुलामागे २० हजार रुपये कल्याण निधीसाठी वसूल करण्याचा आदेश दिला होता.

उचल फेडण्याचे बंधन नाही

मुलांचे श्रम गहाण ठेवणाऱ्या करारांना रद्दबातल ठरवणारा कायदा देशात १९३३ मध्येच झाला होता. पुढे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे कर्जच संपुष्टात आणले. वेठबिगारीच्या बदल्यात दिलेली उचल मालकाला परत मागता येत नाही, मग ती ३६ हजार असो वा पाचशे रुपये. वेठबिगारी करून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याशिवाय बाल न्याय कायद्यानुसार, अठरा वर्षांखालील मुलाला कामासाठी बंधनात ठेवणे किंवा त्याची कमाई अडवून ठेवणे यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो.

पैसे फेडल्याशिवाय मुलाला परत आणता येणार नाही, ही भीती अनेक कुटुंबांना गप्प बसवते. कायद्याने ही भीती निराधार ठरवली आहे. सुटकेनंतर प्रशासनाकडून मुक्तता प्रमाणपत्र मिळते आणि केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत अशा बालकांसाठी दोन लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. बालमजुरीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी पालकांना शिक्षा नाही. त्याची पुनरावृत्ती झाल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे पालकांनी स्वतःहून पुढे येण्यात धोका नाही.

जागृती हेही कायदेशीर कर्तव्य

२०१७ च्या नियमांनी लोकशिक्षणाला केवळ आवाहनापुरते ठेवलेले नाही. कायद्यातील तरतुदींची माहिती लोककला व प्रसारमाध्यमांतून द्यावी, रेल्वे व बस स्थानके, पंचायत कार्यालये, पोलीस ठाणी, शाळा आणि बाजारपेठांत ती ठळकपणे लावावी, शालेय अभ्यासक्रमात तिचा समावेश व्हावा आणि शिक्षक, पोलीस व प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात ती असावी, असे त्यांत नमूद आहे. विद्यार्थी पूर्वसूचनेशिवाय सलग तीस दिवस गैरहजर राहिल्यास मुख्याध्यापकाने ती बाब संबंधित नोडल अधिकाऱ्याला कळवायची असते. गावोगाव फिरणाऱ्या कळपामागे निरीक्षक पोहोचू शकत नाही. पण हजेरीपटावरची रिकामी जागा शिक्षकाला रोज दिसते.

शिक्षणाला अन्नाची जोड देण्याचा विचार या भूमीला नवा नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी ओरत्तनाडू येथे उभारलेल्या मुक्तांबाळ छत्रात अन्नदानाबरोबर विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचीही सोय होती. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली शाळेतील न्याहारीची योजना ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यभरातील सरकारी प्राथमिक शाळांत नेण्यात आली. घरातील एक वेळचे जेवण वाचावे म्हणून मूल कामाला पाठवण्याचे कारण अशा योजनांनी क्षीण होते.

तरीही कर्जाचे कारण उरतेच. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांपर्यंत आहे, तर धोकादायक कामावरील बंदी अठरापर्यंत. मधल्या चार वर्षांत मुलगा किंवा मुलगी शाळा सोडून कामाला लागण्याची शक्यता अधिक असते, आणि आपले हक्क ठाऊक असण्याची गरजही याच वयात सर्वाधिक असते. आठवी-नववीच्या वर्गात कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि उचलीची बेकायदेशीरता शिकवली गेली, तर कामाला लागणारा किशोर निदान प्रश्न तरी विचारू शकेल.

बालमजुरीची माहिती कोणीही १०९८ या चोवीस तास चालणाऱ्या विनामूल्य मदत क्रमांकावर देऊ शकतो. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या ‘पेन्सिल’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. ती थेट जिल्हा नोडल अधिकाऱ्याकडे जाते. आपल्या शेतात मेंढ्या बसवणारा शेतकरी, शेजारचा दुकानदार किंवा मुलाचा वर्गमित्र यांपैकी कोणीही हा दूरध्वनी करू शकतो.