क्लॅट २०२० साली पाच वेळा पुढे ढकलली होती, २०२१ सालीही तारीख हलली : मग लॉ एन्ट्रन्सचा अभ्यास करायचा कसा?

१० मे, २४ मे, २१ जून, २२ ऑगस्ट, ७ सप्टेंबर आणि शेवटी २८ सप्टेंबर.

या २०२० सालच्या एकाच परीक्षेच्या तारखा आहेत. परीक्षेचं नाव क्लॅट. देशातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांमध्ये प्रवेश हवा असेल तर ही परीक्षा द्यावी लागते. आपल्या मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विधी विद्यापीठांचे प्रवेशही हिच्यावरच होतात. कोरोनामुळे २०२० साली ती पाच वेळा पुढे गेली. मे महिन्यासाठी तयार होऊन बसलेल्या पोरांना पेपर मिळाला साडेचार महिन्यांनी.

२०२१ सालीही तेच झालं. ९ मेची परीक्षा १३ जूनवर गेली आणि मग २३ जुलै ही तारीख ठरली. त्यात बारावीच्या परीक्षाच रद्द झाल्या, त्यामुळे सगळा ताण एका एन्ट्रन्सवर आला. "तारीखच पक्की नाही तर अभ्यास कशाचा करू?" असं कुणी विचारलं तर त्यात चूक काही नाही.

२०२० साली नक्की काय झालं होतं?

क्लॅट सारखी पुढे जात होती. बंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल वर्षाचे तीन भाग करून शिकवतं, त्यामुळे प्रवेश लांबले तर आख्खं वर्ष वाया जाईल अशी त्यांना भीती होती. म्हणून ३ सप्टेंबरला त्यांनी स्वतःची वेगळी परीक्षा जाहीर केली, नाव एनलॅट. परीक्षा होती १२ सप्टेंबरला, म्हणजे हातात जेमतेम नऊ दिवस. पेपर ४० प्रश्नांचा, वेळ ४५ मिनिटं आणि तोही घरूनच द्यायचा, स्वतःच्या कॉम्प्युटरवर.

ज्याच्या गावात रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं, त्यानं काय करायचं?

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं आधी परीक्षा घेऊ दिली, पण निकाल लावायला मनाई केली. २१ सप्टेंबरला एनलॅट रद्दच केली आणि प्रवेश क्लॅटवरूनच द्यायला सांगितलं. आठवड्याभरात २८ सप्टेंबरला क्लॅट झाली आणि ५ ऑक्टोबरला निकालही लागला.

यातून एक गोष्ट लक्षात येते. तारीख आणि पद्धत दोन्ही बदलू शकतात आणि त्यावर आपला काहीच ताबा नसतो. पेपरमध्ये काय तपासलं जातं, ते मात्र सहसा तेच राहतं. म्हणून अभ्यास तारखेला नाही, पेपरला बांधायचा.

मग पेपर कसा असतो?

२०२१च्या क्लॅटमध्ये १५० प्रश्न आणि १२० मिनिटं होती. म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद, त्यातच उताराही वाचायचा होता. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचं तर्कज्ञान, लॉजिक आणि थोडं गणित असे पाच भाग असतात. उतारे साधारण साडेचारशे शब्दांचे असतात. थोडक्यात, ही पाठांतराची नाही तर वाचायची परीक्षा आहे.

राज्याची लॉ सीईटी वेगळी. तिथेही २०२१ साली १५० प्रश्न आणि दोन तास होते, पण निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पेपर मराठीतूनही देता येतो. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आणि पुण्याचं आयएलएस या सीईटीतूनच मिळतं. पाच वर्षांच्या कोर्सची सीईटी २०२० साली ११ ऑक्टोबरला झाली होती.

निगेटिव्ह मार्किंग नाही, याचा अर्थ सीईटीत एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. क्लॅटमध्ये मात्र चार चुका झाल्या की एक बरोबर उत्तर पुसलं जातं. दोन्ही देणाऱ्यांनी ही सवय वेगवेगळी लावून घ्यायला हवी.

कोरोना हाच अभ्यासक्रम

कोरोनाच्या काळातल्या बातम्या म्हणजे कायद्याचा चालताबोलता क्लासच होता. लॉकडाऊन कुठल्या कायद्यानं लागला? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. सोबतीला साथरोग कायदा, १८९७. हा ब्रिटिशांनी प्लेगच्या साथीत आणला होता. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या जाचावरून चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ऑक्सिजन आणि लसींचा विषय तर सुप्रीम कोर्टानं स्वतःहून हाती घेतला.

आता एक नमुना बघा. २०२४पर्यंत लागू असलेलं कलम १८८ सांगायचं की सरकारी अधिकाऱ्याचा आदेश माहीत असूनही तो मोडला आणि त्यामुळे लोकांच्या आरोग्याला धोका झाला, तर तो गुन्हा. समजा, परगावाहून रात्री परतलेल्या माणसाला संचारबंदी लागल्याचं खरंच माहीत नव्हतं. तो दोषी ठरेल का?

"नियम तो नियम" म्हणून हो म्हणालात तर मार्क गेला. नियमात "माहीत असूनही" हे शब्द आहेत आणि इथे तेच नाही. आपलं मत बाजूला ठेवून दिलेला नियम दिलेल्या घटनेला लावायचा, एवढंच हा भाग बघतो. आधीपासून कायदा माहीत असण्याची गरज नसते.

तारीख हलली तरी मोडणार नाही असं वेळापत्रक

- आठवड्याचं ठरवा. "परीक्षेला ४० दिवस" अशी उलटी मोजणी केली की तारीख पुढे गेल्यावर माणूस खचतो. त्यापेक्षा रोज दोन अग्रलेख, चार-पाच उतारे आणि आठवड्याला एक पूर्ण मॉक टेस्ट असा हिशेब ठेवा.
- मॉकपेक्षा जास्त वेळ चुकांना द्या. कुठला प्रश्न का चुकला, हे वहीत लिहा. तारीख पुढे गेली तर नवीन पुस्तक आणू नका, ती वही काढा.
- कागदावर सराव करा. २०२० साली क्लॅट सेंटरवरच्या कॉम्प्युटरवर झाली, २०२१ साली पेन-पेपरवर. गोल भरण्यातही वेळ जातो. पेपर दुपारी २ ते ४ आहे, तर मॉकही त्याच वेळेला द्या.
- एकाच परीक्षेवर विसंबू नका. क्लॅटसोबत राज्याची सीईटी द्याच. अभ्यास बराचसा सारखाच आहे.
- कागदपत्रं आत्ताच काढा. डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर. दाखल्यांना वेळ लागतो.
- सेंटरला जायचं कसं ते ठरवा.

बारावीच्या निकालाचं टेन्शन घेऊ नका. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं बोर्डांना ३१ जुलैपर्यंत निकाल लावायला सांगितलं होतं आणि निकाल येण्याआधीही क्लॅट देता येते. खुल्या गटाला बारावीत ४५ टक्के लागतात, ते प्रवेशाच्या वेळी दाखवायचे.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "परीक्षा पुन्हा पुढे ढकलली" असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी क्लॅटची किंवा सीईटी सेलची अधिकृत वेबसाइट बघा. तिथे काही नसेल तर मोबाइल बाजूला ठेवा आणि पुढचा उतारा सोडवायला घ्या.