सॅकचं वजन दुकानातच ठरतं

पावसाळा जवळ आला की पुण्या-मुंबईतल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत सॅक, बूट आणि रेनकोट घ्यायला झुंबड उडते. पहिल्यांदाच ट्रेकला निघालेली मुलं किमतीचं लेबल उलटून पाहतात, पण वस्तू काट्यावर ठेवून पाहणारं त्यांच्यात क्वचितच कुणी असतं. आपलं १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई चढताना मात्र प्रत्येक ग्रॅम स्वतःच्या पायांनी वर न्यावा लागतो. हलकं सामान महागच असतं, असा एक समज आहे. वजन शरीरावर कुठे येतं आणि वस्तू भिजल्यावर तिचं काय होतं, या दोन गोष्टी समजून घेतल्या तर गल्लीतल्या दुकानातही चांगली खरेदी होते.

सुरुवात बुटांपासून

पाठीवरच्या ओझ्याला चालताना साधारण एकसारखी गती असते. पाऊल मात्र दर ढांगेला उचलावं, पुढे फेकावं आणि थांबवावं लागतं. सोल आणि गोल्डमन या संशोधकांनी १९६९ साली डोक्यावर, हातांत आणि पायांवर वजन देऊन माणसांना चालवलं. शरीराचा एक किलो भार वाहायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या चार ते सहा पट ऊर्जा पायांवरच्या एका किलोला लागते, असं त्यांना आढळलं. म्हणजे बुटांच्या जोडीत ४०० ग्रॅम वाचले, तर सॅकमधून दीड-दोन किलो काढल्याइतका फायदा होतो. एका दिवसाच्या ट्रेकला घोट्यापर्यंतचे जड चामडी बूट सहसा लागत नाहीत. कमी उंचीचे, खोल खाचांच्या तळाचे हलके बूट पुरतात. तळाचं रबर नखाने दाबून पाहावं. किंचित मऊ रबर बेसॉल्ट खडकाच्या बारीक खाचाखोचांत शिरतं आणि पकड धरतं. शेवाळावर मात्र कोणतंच रबर भरवशाचं नाही.

उतरताना प्रश्न बदलतो. मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात. अशा आकुंचनात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरणं जड जातं. पाठीवर ओझं जास्त असेल तर हा ताण आणखी वाढतो.

सुती की पॉलिस्टर?

नेहमीच्या हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. पावसात सुताच्या तंतूच्या आतही पाणी मुरतं. पॉलिस्टरमध्ये ते धाग्यांच्या मधल्या फटींत राहतं, त्यामुळे कपडा पिळला की बरंचसं निघून जातं. पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय सरासरीने दर किलोमीटर उंचीला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. भिजलेली जीन्स घालून माथ्यावरच्या वाऱ्यात उभं राहिलं की हुडहुडी भरते ती यामुळेच. त्यापेक्षा साध्या दुकानातला फुटबॉलचा टी-शर्ट कितीतरी बरा.

धनगरांच्या घोंगडीचं विज्ञान वेगळं आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प शोषूनही ओली लागत नाही, त्यामुळे पावसात कळपामागे हिंडणाऱ्याला ती ऊब देते. पण चिंब भिजलेली घोंगडी फार जड होते, म्हणून चढाईला ती सोयीची नाही.

सॅक आणि पाणी

सॅकच्या लेबलवर डेनियरचा आकडा असतो. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा असेल तर धागा जाड, कापड बहुधा टिकाऊ आणि जडही. एका दिवसासाठी २० ते २५ लिटरची, मध्यम जाडीच्या कापडाची सॅक पुरे. मोठी घेतली तर रिकामी जागा भरावीशी वाटते. जड वस्तू पाठीच्या कण्यालगत ठेवाव्यात. बाहेरच्या रेनकव्हरमधून पाठीकडच्या बाजूने पाणी शिरतंच, त्यामुळे आतून जाड पॉलिथिनची पिशवी घालावी. प्लास्टिकच्या दुकानात ती स्वस्तात मिळते.

पाण्याचं वजन कमी करता येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलोच. वजन वाचवायचं ते बाटलीत. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली रिकामीच काही शे ग्रॅम भरते, शीतपेयाची रिकामी बाटली त्याहून कितीतरी कमी. ती परत घरी आणायची, गडावर टाकायची नाही. पाणी, प्रथमोपचाराची पिशवी आणि बॅटरी यांत मात्र काटकसर करू नये. हलकं होण्याच्या नादात यातलं काही वगळणं धोक्याचं आहे.

खरेदीला जाताना सामान मोजायचा छोटा हातकाटा सोबत न्यावा. सॅकमध्ये पाच-सहा किलो भरून दुकानात दहा मिनिटं चालून पाहावं, खांदे काय सांगतात ते कळतं. पैसे मोजकेच असतील तर ते आधी बुटांवर, मग सॅकवर खर्च करावेत. कपडे आणि बाटली घरात जे असेल त्यातून निवडावं. हे हिशेब समजलेल्या मुलाला सह्याद्रीत जायला मोठ्या पैशांची वाट पाहावी लागणार नाही.