स्वतंत्र पक्ष : उदय आणि ऱ्हास (१९५९-१९७४)

प्रस्तावना :
स्वातंत्र्योत्तर भारतातील पक्षपद्धतीचा अभ्यास करताना काँग्रेस, समाजवादी, साम्यवादी व जनसंघ या प्रवाहांची विस्तृत चर्चा होते. स्वतंत्र पक्षाची मात्र बहुधा एका परिच्छेदात बोळवण केली जाते. वस्तुतः १९६७ च्या निवडणुकीत ४४ जागा मिळवून हाच पक्ष लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला होता. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत त्याचे अस्तित्व संपावे, याचा उलगडा केवळ एका निवडणुकीतील पराभवाने होत नाही.

स्थापना व वैचारिक भूमिका :
जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव संमत केला. जमिनीची मालकी हातून जाईल, या शेतकऱ्यांच्या भीतीला त्यामुळे राजकीय रूप मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास येथे चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या पक्षाची घोषणा केली व ऑगस्टमध्ये मुंबईत त्याचे प्रारंभिक अधिवेशन भरले. राजाजी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. शेतकरी चळवळीतील प्रा. एन. जी. रंगा अध्यक्ष, तर मुंबईचे मिनू मसानी सरचिटणीस झाले.

'परमिट-लायसन्स राज'ला विरोध हे पक्षाचे समान सूत्र होते. परंतु त्यामागील प्रेरणा भिन्न होत्या. राजाजींचा पुराणमतवाद धर्म व परंपरा यांत रुजलेला होता. मसानी मात्र १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाचे एक संस्थापक, पुढे उदारमतवादाकडे वळलेले. मूलभूत तत्त्वे वगळता अन्य प्रश्नांवर सदस्यांना मतस्वातंत्र्य देण्याची पक्षाची तरतूद या पार्श्वभूमीवर आदर्श कमी आणि अपरिहार्यता अधिक होती, असे म्हणावे लागते.

सामाजिक आधार :
मते आली ती मुख्यतः संस्थानिक व जमीनदार यांच्या प्रभावक्षेत्रांतून. १९६२ मध्ये जयपूरमधून महाराणी गायत्रीदेवी १ लाख ९२ हजारांहून अधिक मते मिळवून विजयी झाल्या. बिहारमध्ये रामगढच्या राजांमुळे विधानसभेत ५० जागा मिळाल्या. १९६४ मध्ये राजे पक्षाबाहेर पडले आणि तेथील पक्षही खिळखिळा झाला. ओरिसात गणतंत्र परिषदेच्या विलीनीकरणामुळे बळ वाढले व १९६७ मध्ये आर. एन. सिंहदेव मुख्यमंत्री झाले. गुजरातचे चित्र काहीसे वेगळे होते. तेथे वल्लभ विद्यानगरचे शिल्पकार भाईलालभाई पटेल यांच्यामुळे पाटीदार शेतकरीही पक्षाकडे आला आणि १९६७ मध्ये १६८ पैकी ६६ जागा मिळाल्या.

महाराष्ट्रात मात्र १९६२ व १९६७ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत पक्षाला एकही जागा मिळाली नाही. ज्या 'सहकार' शब्दाच्या धास्तीतून पक्ष जन्मला, तोच शब्द येथील बागायतदाराला आपला वाटत होता. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीने जमिनीच्या मालकीला धक्का न लावता ऊसउत्पादकाला भागधारक केले आणि काँग्रेसशी जोडले. विरोधाची ग्रामीण जागा शेतकरी कामगार पक्षाने आधीच व्यापली होती, आणि तीही डाव्या बाजूने.

ऱ्हास :
१९६९ मधील बँक राष्ट्रीयीकरणाने राजकारणाची भाषाच बदलली. त्याच वर्षी कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली. उद्योगपतींच्या निधीवर विसंबणाऱ्या पक्षाला ती विशेष जाचक ठरली. १९७१ मध्ये संघटना काँग्रेस, जनसंघ व संयुक्त समाजवादी पक्षाबरोबर केलेली आघाडी 'इंदिरा हटाव' यापलीकडे कार्यक्रम देऊ शकली नाही. जनसंघाचा राष्ट्रवाद आणि संयुक्त समाजवाद्यांची आर्थिक भूमिका यांच्या पंगतीत बसून स्वतंत्र पक्षाने आपले वेगळेपण स्वतःच पुसले. लोकसभेत अवघ्या ८ जागा आल्या आणि मते सुमारे ८.७ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर घसरली. मसानी राजकोटमध्ये पराभूत झाले; रंगाही पराभूत झाले व पुढे काँग्रेसमध्ये परतले. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजींचे निधन झाले. अखेर १९७४ मध्ये पिलू मोदी यांच्या नेतृत्वाखाली उरलेला पक्ष चरणसिंग यांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला.

१९९१ मध्ये परवाना पद्धतीचा मोठा भाग मोडीत निघाला, तो काँग्रेस सरकारच्याच हातून. १९९४ मध्ये शरद जोशी यांनी 'स्वतंत्र भारत पक्ष' स्थापन केला. त्याचा आधार मात्र राजेरजवाडे नव्हे, तर शेतकरी संघटनेचा कार्यकर्ता होता. दरम्यान १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा लेखी नमूद करणे बंधनकारक झाले आहे.