डिजिटल प्रक्षेपण आणि घरचा जुना टीव्ही

अॅनालॉग प्रक्षेपणात चित्र व आवाज सलग लहरींच्या रूपात येतात, तर डिजिटलमध्ये शून्य-एकच्या संकेतांत. केबलचे डिजिटलीकरण कायद्याने टप्प्याटप्प्याने झाले. मुंबई 2012 मध्ये पहिल्या टप्प्यात होती. राळेगणसिद्धीसारखी गावे चौथ्या आणि शेवटच्या टप्प्यात आली. त्याची मुदत 31 मार्च 2017 होती.

डिजिटल म्हणजे नवा टीव्ही घ्यावाच लागतो, हा समज सर्वत्र आढळतो. त्यापायी चांगले चालणारे संचही भंगारात गेले, हे नुकसान टळण्यासारखे होते. चार्जर जसा घरातली वीज मोबाइलला पेलेल अशी करून देतो, तसा सेट-टॉप बॉक्स (संकेत उलगडणारी पेटी) डिजिटल संकेत जुन्या टीव्हीला समजतील असे करून देतो. संचामागे पिवळी, पांढरी व लाल खाच असली की जोडणी सोपी. फार जुन्या संचात केवळ अँटेनाची खाच असते. त्याला आरएफ मॉड्युलेटर (संकेत अँटेनाच्या खाचेजोगा करणारे उपकरण) लागतो.

केबल नसलेल्या घरांना दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ सेवा घेता येते. तिची छत्री महाराष्ट्रात आग्नेयेकडे रोखावी लागते. छत्री व पेटीचा खर्च एकदाच होतो. मासिक शुल्क नाही.