खोबरचा वन्समोअर

अल-खोबरहून

"सौदीत सिंफनी? टाळ्या तरी वाजवू देतात का रे?" डोंबिवलीचा मावसभाऊ फोनवर विचारतो आणि स्वतःच हसतो. त्याच्या डोक्यातला सौदी अरेबिया अजून त्याच्या काकांनी पाहिलेलाच आहे: नमाजाच्या वेळी धाडकन खाली येणारी दुकानांची शटरं, हॉटेलात कुटुंबवाल्यांना एक दरवाजा आणि एकट्या पुरुषांना दुसरा. ते सगळं खरं होतं. दोन दरवाजांची सक्ती २०१९च्या डिसेंबरात गेली. त्याच्या आदल्या वर्षी सिनेमागृहं उघडली, बायका गाडी चालवू लागल्या. पण हे ऐकल्यावर भाऊ दुसऱ्या टोकाला जातो. त्याला वाटतं, गाणंबजावणंही सरकारी फतव्याने तेव्हाच इथे उतरलं.

तर टाळ्या वाजवू देतात. चांगल्या कडकडून वाजवतात, आणि नेमक्या वाजवू नयेत तिथे वाजवतात. या पत्राचं कारण तेच.

खोबरला लागूनच धाहरान. १९३८ साली ज्या सात नंबरच्या तेलविहिरीने या देशाचं नशीब बदललं, तिच्याजवळच अरामकोने 'इथ्रा' हे सांस्कृतिक केंद्र उभारलंय. आराखडा नॉर्वेच्या स्नोहेट्टाचा. बाहेरून बघाल तर कुणी तरी नदीतले गुळगुळीत गोटे एकावर एक रचून ठेवल्यासारखं दिसतं. आत सुमारे ९०० खुर्च्यांचं नाट्यगृह. पूर्वी खोबरकरांना साधा सिनेमा बघायचा झाला तरी पंचवीस किलोमीटरचा समुद्रपूल ओलांडून बहारीनला जावं लागे. गुरुवारी संध्याकाळी त्या पुलावर अडकलेल्या गाड्यांत इथली एक अख्खी पिढी मोठी झाली. आता ही मंडळी घराशेजारी बेथोवन ऐकतात.

गेल्या हिवाळ्यात युरोपातला एक वाद्यवृंद आला होता. कार्यक्रमात बेथोवनची सातवी सिंफनी. प्रेक्षकांत सौदी कुटुंबं लेकरांसकट, फिलिपिनो नर्सा, मल्याळी तर असणारच, आणि आम्ही पाच-सहा मराठी डोकी. दुसरा भाग सुरू झाला. व्हायोला, चेलो आणि डबलबास खालच्या पट्टीत ती एकच ठेका धरून चाललेली चाल घेतात, मग एकेक वाद्य येऊन मिळतं. माझ्या शेजारचे सौदी गृहस्थ, तेल कंपनीतून निवृत्त झालेले, डोळे मिटून मान हलवत होते. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच मागच्या रांगेतून कुणी तरी मोठ्याने "अल्लाऽह!" म्हणालं आणि सगळं नाट्यगृह टाळ्यांनी उसळलं. एकाने तर "पुन्हा, पुन्हा" असाही आवाज दिला.

समोरच्या रांगेतला एक गोरा माणूस वळून असा बघू लागला की जणू कुणी चपला घालून देवघरात शिरलंय. आणि खरं सांगतो, माझाही जीव कानकोंडा झाला. कारण मी मुंबईत शिकलोय.

मुंबईत तुम्ही या संगीताला गेलात तर बेथोवनच्या आधी शिस्त ऐकावी लागते. सिंफनीचे चार भाग, मधे टाळी नाही. मधल्या फटीत खोकून घ्यायचं, तेवढी मुभा. एका सभागृहात आम्ही नवीन नवीन गेलो होतो तेव्हा पहिला भाग संपल्यावर बायकोचे हात उचलले गेले, तर शेजारच्या एका अनोळखी बाईंनी ते मनगटाला धरून खाली दाबले. संपूर्ण दुसरा भाग बायको स्वतःच्या हातांवर बसल्यासारखी ताठ बसली होती. पुढे ती कधी आली नाही. "तुझं ते मौनव्रत तूच पाळ," म्हणाली.

आता गंमत बघा. ही सातवी सिंफनी ८ डिसेंबर १८१३ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली तेव्हा बेथोवन स्वतः संचालन करत होता. कान जवळपास गेलेले. हलक्या जागी तो खाली वाकून दिसेनासा होई आणि जोराच्या जागी उडी मारे, असं त्या वाद्यवृंदात बसलेल्या श्पोरनेच लिहून ठेवलंय. आणि लोकांनी हाच दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला! मधे टाळी नाही हा नेम नंतरचा, विसाव्या शतकात पक्का झालेला. म्हणजे मागच्या रांगेतला तो "पुन्हा"वाला बेथोवनच्या काळातला प्रेक्षक होता, आणि मनगट दाबणाऱ्या बाई बऱ्याच अलीकडच्या.

आणि आपल्याला तरी यात नवल का वाटावं? वन्समोअर ही चीज मराठी रंगभूमीने इतकी पोसली की बालगंधर्वांचं नाटक पहाटेपर्यंत चाले. एक पद तीन-तीनदा. ऑर्गन, तबल्यावर तिरखवाँ, सारंगीवर कादरबक्ष, आणि प्रेक्षक मागेल तेवढं. तेच आपले लोक मुंबईत सिंफनीला गेले की मुंजीतल्या बटूसारखे गप्प होतात, आणि गप्प बसण्याला रसिकता म्हणतात. याचा मला राग येतो. पुण्यात सवाईला बसलेला माणूस समेवर हात उडवतो, "वाहवा" म्हणतो, आणि मधेच भजीही खाऊन येतो. तोच माणूस नरिमन पॉइंटच्या सभागृहात श्वाससुद्धा वेळापत्रकाप्रमाणे घेतो.

शेजारच्या गृहस्थांना हे सगळं, भावाच्या फोनसकट, मध्यंतरात कहवा पिताना सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांचे वडील कतीफला रेडिओपाशी बसत, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, कैरोहून उम्म कुल्सूम ऐकायला. एक गाणं तास-तासभर. लोक ओरडले की बाई ती ओळ पुन्हा घेत, आणि दर वेळी निराळी घेत. आजोबा मोती काढणाऱ्या गलबतावर. तिथे गाणारा एक खास माणूस ठेवलेला असे आणि बाकीचे टाळ्यांनी ठेका धरत. आखाताच्या जुन्या गाण्यात टाळी हे वाद्यच आहे. "तलाल मद्दाह मंचावर गाता गाता गेला," ते म्हणाले, "अबहामध्ये, सन २०००. आम्ही टीव्हीवर बघत होतो. आणि तुझा भाऊ म्हणतो आम्हाला संगीत नव्हतं?" मग जरा थांबून त्यांनीच कबूल केलं की मधली बरीच वर्षं जाहीर मैफली जवळजवळ बंदच होत्या, घरात दारं लावून ऊद (इथलं तंतुवाद्य) वाजे. २०१७ला जेद्दात मोहम्मद अब्दू पुन्हा जाहीर गायले तेव्हा ते तिकीट काढून विमानाने गेले होते.

त्यांची खरी अडचण निराळी होती. "या मुहंदिस," ते मला म्हणाले (इथे इंजिनिअरला हाक मारायची ती अशीच), "आमच्याकडेही मायस्ट्रो असतो. इजिप्तचा हानी फरहात हात हलवतो, पण त्याची नजर गाणाऱ्यावर असते. गाणारा थांबला की तो थांबतो. इथे तर कुणी गातच नाही. मग हा कुणाकडे बघून चालतो?"

मी गप्प. आपल्याकडे तरी काय, तबलजी आणि पेटीवाला बुवांकडे बघतात. उत्तर दिलं आमच्यातल्या गोवेकराने. हा सासष्टीचा, हिशेबनीस. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फा घोकलेला. "तो कागदाकडे बघतो," त्याने सांगितलं, "आणि कागदावर नसलेलं डाव्या हाताने मागतो." गृहस्थांनी विचार केला. "म्हणजे गाणारा तोच. फक्त आवाज काढत नाही." दुसऱ्या अर्ध्यात ते फक्त त्या डाव्या हाताकडे बघत होते. एके ठिकाणी त्याने नुसती बोटं मिटली आणि व्हायोलिनं विरली, तेव्हा यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. अशी दाद मुंबईतल्या कुठल्या संचालकाला मिळाली असेल, मला शंका आहे.

मुंबईत आपण संचालकाला देतो ती दाद त्याच्या नावाला. झुबिन मेहता आले की सभागृह उभं राहतं, पहिला सूर लागायच्या आधी. राहावं, हरकत नाही. त्यांच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, १९३५ सालीच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता, त्या घराण्याला मान हवाच. पण आमच्या गोवेकराचं दुखणं वेगळं आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९५८ला मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करतात, सेंट झेवियर्सच्या पटांगणात रागांवर बांधलेल्या रचना सादर करतात, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला उभे राहतात. आणि आज ते नाव घेतलं की लोकांना आठवतो तो मोठ्या अंड्यातून उडी मारणारा अमिताभ. प्यारेलालनी गुरूची आठवण म्हणून ते नाव गाण्यात घातलं, हे तरी कितीजणांना ठाऊक? गोवेकर हे सांगताना चिडतो आणि मग तेच गाणं गुणगुणतो.

टाळ्यांनंतर त्या संचालकाने काय केलं ते राहिलंच. तो अर्धा वळला, उजवा हात छातीवर ठेवला, अगदी इथल्या माणसासारखा, आणि वाट बघत उभा राहिला. तो भाग पुन्हा काही वाजवला नाही. पण कुणाला गप्पही केलं नाही. पुढचा धावता भाग सुरू झाला तेव्हा समोरच्या गोऱ्याचे खांदेही जरा सैल झाले होते.

गृहस्थांना आता पुण्याला यायचंय, डिसेंबरात, सवाईला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की १९५३पासून चालतंय, भीमसेन जोशींनी गुरूंसाठी सुरू केलं, पूर्वी रात्रभर चाले. त्यांनी पार्किंग विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि मग हळूच: गाणाऱ्याने एखादी जागा पुन्हा घ्यावी असं वाटलं तर ओरडलेलं चालेल ना?

म्हटलं, ओरडा. पण तो घेईलच असं नाही. घड्याळ असतं त्याच्यासमोर. एखाद्या रात्री बारापर्यंत सवलत मिळते, एरवी दहाला ध्वनिक्षेपक बंद.

"दहाला?" ते म्हणाले. "दहाला तर आम्ही घरून निघतो."